फाटक्या कोपऱ्याचं पत्र

त्याला इंग्रज म्हटलेलं खपायचं नाही. कसबा बावड्यात गोरा माणूस तो एकटाच, त्यामुळं जो तो त्याला इंग्रजच समजायचा. आणि हा प्रत्येकाला रस्त्यात अडवून सांगायचा, "ए पावणं, मी इंग्रज न्हाय. इंग्रजाचा शेजारी हाय मी. शेजारी असनं येगळं आनि त्योच असनं येगळं."

"मग कुटला म्हनायचा?"

"वेल्सचा."

"ते आनि कुटं आलं?"

"इंग्रजाच्या पाठीमागं. समुद्राच्या कडंला."

ऐकणारा मान हलवायचा आणि घरी जाऊन सांगायचा, आज इंग्रज भेटलता.

कारभारीण जाऊन आता आठ महिने झाले. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं आहे, घर काही करत नाही, नुसतं गप्प बसतं. त्या गप्प घरात मला जुनी माणसं आठवतात आणि त्यात पहिला हा साहेब येतो. त्याचं बोलणं मन लावून ऐकणारी तीच होती. मी अर्धवट ऐकायचो. आता ते अर्धवट तेवढं शिल्लक आहे.

मी गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात, तो उतरवायचा कधी हे सांगणारा माणूस. शाळा तिसरीपर्यंत. साहेबाला संस्थानानं इंजनं सांभाळायला आणलेला. संस्थान विलीन झालं, बाकीचे गोरे गेले. याला कुणी जा म्हटलं नाही आणि राहा पण म्हटलं नाही. तो गुऱ्हाळांवरची ऑइल इंजनं दुरुस्त करत हिंडायला लागला. तिथं माझी ओळख झाली. एक दिवस लोखंडी ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभा. म्हणाला, "गुळव्या, तुझी पडवी मोकळी हाय म्हनं." पडवीतली खोली दिली. तिथं तो अकरा वर्षं राहिला आणि तिथंच मेला.

मराठी तो गाडीवानांकडनं आणि फिटरांकडनं शिकलेला, त्यामुळं शिव्या आधी आणि बाकीची भाषा मागनं आली. कारभारणीला मात्र 'वैनी' म्हणायचा आणि तिच्यासमोर शिवी आली की अर्ध्यात गिळायचा. अर्धी शिवी जास्त वाईट ऐकू यायची. ती हसायची.

ती ट्रंक त्यानं कधी रिकामी केली नाही. आत लोकरीचा जाड कोट, बूट, टोपी, सगळं घडी घालून. दर दिवाळीला कारभारीण ते उन्हात टाकायची, कडुलिंबाचा पाला घालून परत भरायची. मी एकदा विचारलं, "सायेब, ही बांधाबांध कशासाठनं?"

"बहिनीचं बोलावनं आलं की निघनार."

"मग जावा की. बोलावनं कशाला पायजे? घर तुमचं बी हाय."

"बोलावल्याबिगर न्हाय जानार. आई मेली तवा मी गेलो न्हाय. बहिनीनं एकटीनं मूठमाती दिली. तवापास्नं तिचं पत्र न्हाय. आता तिनं 'ये' म्हनलं पायजे. दोन अक्षरं. जास्त न्हाय मागत."

पंधरा वर्षं त्या दोन अक्षरांची वाट बघत होता माणूस. आणि स्वतः एक ओळ लिहीत नव्हता. असा.

रविवारी हत्याराला हात लावायचा नाही. देवळात जायचा नाही, प्रार्थना करायचा नाही, पण रविवार पाळायचा. म्हणायचा, आमच्या गावात रविवारी बटाटा सोलत नाहीत, शनिवारीच सोलून पाण्यात घालतात. एकदा ऐन हंगामात रविवारी इंजन बंद पडलं. ऊस तोडून पडलेला, रस काढलेला, तो आंबणार. मी बोलवायला गेलो. आला, इंजनाशेजारी मांडी घालून बसला आणि दोन्ही हात काखेत घातले.

"डाव्या अंगाचा नट फिरीव. त्यो न्हवं रं, त्याच्या खालचा. आता फुंक मार."

मालक ओरडला, "सायेब, उठून हात लावा की! काय बाळंतीण हाय काय तुमी?"

"हात न्हाय लावनार. तोंड लावतो. तोंडाला सुट्टी न्हाय."

दोन तास लागले. तेच काम त्याच्या हातानं पाव तासाचं. इंजन सुरू झाल्यावर त्याच्याशी त्याच्या स्वतःच्या बोलीत काहीतरी गुणगुणला. ती बोली इंग्रजी नव्हती. त्याच्या बापाच्या वेळी शाळेत ती बोलली तर गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे, असं तो सांगायचा. बापाच्या गळ्यातली पाटी याला अजून रुतत होती.

त्याच्या गावाची गोष्ट रोज संध्याकाळी. कारभारीण चुलीपुढं भाकरी थापायची आणि हा दाराच्या चौकटीला टेकून बसायचा. गाव म्हणजे घरांची एकच ओळ. सगळ्या घरांची पाठ समुद्राकडं, तोंडं डोंगराकडं.

"का? समुद्र बगायला नगं?" तिनं विचारलं.

"समुद्र रोज घास मागतोय, वैनी. त्याला तोंड कोन दावंल?"

गावातली जमीन आंबट, पीक धरायची नाही. म्हणून होडीतनं चुनखडी आणायचे, वाळूवरच्या भट्टीत भाजायचे आणि तो चुना बायकापुरुष पाटीतनं शेतात न्यायचे. हे मला आवडायचं, माझा जन्म काहिलीखालच्या चुलवाणापुढं गेलेला. मी विचारायचो, जाळ किती, किती वेळ. बाकी वेळी मी पेंगायचो. मासे धरायचे पुरुष, पण ते डोक्यावर घेऊन आतल्या खेड्यात लोण्याच्या बदली देऊन यायच्या त्या बायका. जहाज बांधायचं तर एका माणसाचं काम नव्हे. त्याचे चौसष्ट वाटे पडायचे. लोहाराचा एक, धर्मगुरूचा एक, एखाद्या विधवेचा अर्धा.

"आमच्या हिरीच्या पानीपाळीवानी," ती म्हणाली.

"व्हय. पन हीर बुडत न्हाय. जहाज बुडलं की चौसष्ट घरात एकाच दिशी रडारड."

गावात निम्मे लोक एकाच नावाचे. म्हणून नावापुढं धंदा लावायचे. ती खोड त्यानं आमच्या गल्लीला लावली. आमच्याकडं मारुती चार होते. एक मारुती दूध, एक मारुती टांगा, एक मारुती तालीम, आणि चौथा काहीच करत नव्हता, तो मारुती भांडण. तो मारुती मरून वीस वर्षं झाली. त्याचा नातू बँकेत लागलाय, त्याला अजून भांडणाचा नातू म्हणतात.

आणि त्याच्या बापाची गोष्ट. ती त्यानं एकदाच सांगितली. बाप खलाशी. जहाज लांब गेलेलं. एक दिवस जहाजाच्या कचेरीचं पत्र आलं. त्या गावात अशा पत्रात काय असतं ते शेंबड्या पोराला कळतं. आईनं ते घेतलं, पुसलं आणि न उघडता भिंतीवरच्या घड्याळामागं ठेवलं.

"कवा उगडलं मग?" कारभारणीचा हात पिठात थांबला.

"कवाच न्हाय. उगडलं न्हाय तंवर बाप मेला न्हाय. आई जेवनाला त्याचं ताट वाडायची. ती मेली तवा बहिनीनं ते पत्र तिच्या पेटीत ठिवून पुरलं."

कारभारीण म्हणाली, "मी आसते तर उगडलं आसतं."

आता बहिणीशी बोलणं परत कसं सुरू झालं ते. आमचा धाकटा झाला तेव्हा बाजेवर पडल्या पडल्या हिनं विचारलं, "सायेब, तुमच्या गावात बाळंतीण किती दिवस भाईर येत न्हाई?" साहेब गोंधळला. जहाजाची शिडं, चुन्याच्या भट्ट्या, सगळं ठाऊक. हे ठाऊक नाही.

"म्हाईत न्हाय, वैनी."

"मग कसलं गाव म्हाईत हाय तुमाला? निम्मंच हाय की. बाप्यांचं."

दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी कागद आणला आणि पंधरा वर्षांनी बहिणीला पत्र लिहिलं. माफी नाही, कुशल नाही. बाळंतीण किती दिवस घरात बसते, एवढंच. दोन महिन्यांनी उत्तर आलं. देवळात जाऊन आल्याशिवाय ती दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही, शेजारीण दारातनंच परत पाठवते. आणि खाली एक ओळ, हे विचारणारी कोण?

तिथनं पुढं तीन वर्षं पत्रं येत राहिली. विचारायची ही, लिहायचा तो, सांगायची ती. वाळवण कुठं घालता, सासू कुठं झोपते, मासा किती दिवस टिकतो. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नाही. पण तिकडं खोकला झाला की इकडं ही सुंठ कुटायला बसायची. ती सुंठ जाणार कशी, हा विचार नाही. शेवटच्या वर्षी बहिणीनं लिहिलं, छातीचं दुखणं वाढलंय. 'ये' मात्र अजून लिहिलं नव्हतं. साहेब पत्र आलं की आधी शेवटची ओळ बघायचा.

त्या श्रावणात पंचगंगेला मोठा पूर आला. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. साहेब नदीकाठची इंजनं वर काढायला गेलेला. दुपारी पोस्टमन गुडघाभर चिखलातनं आला आणि साहेबाचं पत्र माझ्या हातात दिलं. परदेशी निळा पातळ कागद. पत्ता पाण्यानं पसरून नुसता डाग झालेला, पण बावड्यात गोरा एकच, पत्ता कशाला लागतोय. आणि पत्राचा एक कोपरा नव्हता.

आमच्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. वरती श्री घालत नाहीत. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. हे मला शाळेत शिकवलं नव्हतं, हे अंगात असतं. मी ते तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं, वर दगड ठेवला.

कारभारीण बाहेर आली. बघितलं. म्हणाली, "अवो, पोस्टाच्या थैल्या भिजल्यात पुरानं. वाटंत फाटला आसंल."

"फाटल्यालं येगळं आनि फाडल्यालं येगळं. मला कळतंय."

"त्यांच्या मुलखात ही रीत हाय व्हय? इचारलंयसा कवा?"

"मरन सगळ्या मुलखात सारकंच."

"मरन सारकं आसंल. कोपरा न्हाय."

मी तिला गप बस म्हटलं. तिचं खरं आहे की नाही हे बघायला मी थांबलोच नाही. माझा स्वभाव तसा. काहिलीपुढं उभं राहणाऱ्याला एकदा ठरवलं की ठरवावं लागतं, नाहीतर गूळ जातो. घरात तोच ताठा.

साहेब संध्याकाळी आला, चिखलानं भरलेला. मी अंगणातच अडवला. "सायेब, आदी अंगावर पानी घ्या."

"का रं?"

"बहीन गेली तुमची."

त्यानं कट्ट्याकडं बघितलं. इतकी वर्षं आमच्यात राहिलेला, गल्लीतल्या दहा मयतांना खांदा दिलेला. कोपरा त्याला दिसला. हात पुढं केला नाही. मग म्हणाला, "घड्याळ न्हाय माझ्याकडं. तसंच कुटंतरी ठिवतो. उगडायचं न्हाय."

"असलं पत्र घरात ठिवत न्हाईत. लेकरं हाईत, सायेब."

"तुझं घर, तुझी रीत." म्हणाला, "मग तूच फाड."

कारभारीण मध्ये आली. धाकटा कडेवर, पदर सुटलेला. "सायेब, वाचा की आदी! मला वाचता यीत न्हाय, न्हायतर मी वाचलं आसतं!"

"न वाचल्यालं बरं आसतं, वैनी."

मी पत्राचे चार तुकडे केले आणि गल्लीच्या तोंडाला जाऊन पुराच्या पाण्यात सोडले. लाल पाण्यात निळे तुकडे. लगेच गेले.

साहेबानं दहा दिवस सुतक धरलं. दाढी नाही, पायात बूट नाही, हिनं वाढलेलं अळणी खायचा. दहाव्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. पिंड वगैरे त्याचं चालणारं नव्हतं. हिनं दिलेला भाकरीचा घास त्यानं दगडावर ठेवला. ठेवतोय तोच कावळा आला आणि शिवला. मी म्हटलं, "बगा सायेब, काय इच्छा राहिली न्हाई तिची. सुटली."

कावळ्याला तरी काय कळतंय.

माघात गुऱ्हाळ जोरात होतं. रस काहिलीत उसळ्या मारत होता आणि पोस्टमन तिथंच आला. साहेबाचं पत्र. चारी कोपरे जागच्या जागी, आणि पत्त्यावरचं अक्षर बघून साहेब मटकन चिपाडाच्या ढिगावर बसला. उघडलं, वाचायला लागला आणि हसला. एवढ्यानं हसला की बैल बिथरले.

"गुळव्या! बहीन जित्ती हाय की रं!"

मी काहील सोडून पळत आलो. तो पुढं वाचत होता. वाचता वाचता हसू उतरलं, पण तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यानं मला वाचून सांगितलं, एकेक ओळ, आमच्या बोलीत करून.

श्रावणातल्या पत्रात तिनं लिहिलं होतं, ये. एकटीला आता घर होत नाही. तुझ्या खोलीला चुना लावून घेतलाय. घर तुझ्या नावावर करते, नाताळपर्यंत वाट बघते. नाताळ झाला. उत्तर नाही. तिला वाटलं, आईच्या वेळी आला नाही तसा आताही येणार नाही. तिनं घर विकलं आणि लेकीकडं राहायला गेली, कोळशाच्या खाणीच्या गावाला, एका खोलीत. घर घेतलं ते एका इंग्रजानं. उन्हाळ्यात महिनाभर हवा खायला येणार. ओळीतली बाकीची घरं पण तशीच गेली. हिवाळ्यात तिथं आता एकाही घरात दिवा लागत नाही.

पाठीमागं करपल्याचा वास आला. गूळ गेला होता, काळा दगड झालेला. मालक माझ्या नावानं शंख करत होता. मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, "सायेब, माझ्या हातनं झालं."

तो म्हणाला, "तुजी रीत खोटी न्हाय, गुळव्या. माजी बी न्हाय. दोनी एकाच दिशी आल्या." आणि उठून आदल्या दिवसाच्या गुळाची ढेप फोडली, सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. "बहीन जित्ती हाय. तोंड ग्वाड करा."

मी म्हटलं, तिला भेटायला तरी जावा. नाही म्हणाला. "ती लेकीच्या घरात एका खोलीत. तितं मी कुटं मावू? आनि माजं गाव त्या घरात हुतं, गुळव्या. आता ते हितं हाय, वैनीच्या चुलीम्होरं. तेवडंच."

घरी येऊन त्यानं कारभारणीला ट्रंक सोडायला सांगितली. कोट काढून तिच्या हातात दिला. "वाकळंत घाला, वैनी." तिनं तो उसवून वाकळीच्या आत घातला. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून घरात आलेलं पत्र तिनं माझ्या हाताला लागू दिलं नाही. पोस्टमनला गल्लीच्या तोंडाला गाठायची, स्वतः घ्यायची आणि शाळेतल्या मास्तरांकडं पळायची. चाळीस वर्षं. हे तिचं मला बोलणं.

साहेब नंतर पाच वर्षं होता. गावाची गोष्ट आपणहून सांगायचा नाही. तिनं विचारलं तर सांगायचा. एका पहाटे बाजेवर गेलेला सापडला, अंगावर ती वाकळ. ख्रिस्ती लोकांच्या जागेत नेऊन पुरला. चारी मारुती होते. भांडण सगळ्यात जास्त रडला.

बहिणीला कळवायचं पत्र मास्तरांनी लिहिलं. हिनं ते चारी बाजूंनी बघितलं, बोट फिरवून कोपरे चाचपले आणि स्वतः पोस्टाच्या पेटीत टाकलं. बहिणीचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, तो आमच्या गावाचं काय काय सांगायचा ते लिहून पाठवा. इथं आता सांगणारं कुणी उरलं नाही. तीन संध्याकाळ ही मास्तरांच्या ओसरीवर बसून सांगत होती. घरांच्या पाठी, आंबट जमीन, चौसष्ट वाटे, घड्याळामागचं पत्र. काही विसरली नाही. मी दारात उभा होतो. मास्तरांनी मला विचारलं, तुम्हाला काय आठवतं? मी म्हटलं, चुन्याची भट्टी.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. त्याच वाकळीत. थोरला पोरगा पाव्हण्यांना कार्डं लिहायला बसला. पंचवीस-तीस कार्डं झाली. मग कात्री घेऊन म्हणाला, "आबा, कोपरं कापू?"

मी म्हटलं, "नगं. वाचू देत आदी."

दहाव्याला सगळे आले, पेठ वडगावची मेहुणी आली नाही. कारभारणीची पाठची बहीण. तेराव्याला आली ती दारातनंच ओरडत. "दाजी, अक्कल गहाण टाकलीसा काय? कोपरा का फाडला न्हाईसा? मला वाचता यीत न्हाय, वाचनारा ल्योक गावाला गेल्याला. आक्काचं पत्र आलं म्हनून मी चांगलं देव्हाऱ्यात ठिवलं! आक्कानं बोलावलं आसंल म्हनून शेंगा भाजून ठिवल्या तिच्यासाठनं! काल ल्योक आला तवा कळलं मला!"

बायका तिला धरून आत घेऊन गेल्या. थोरला माझ्याकडं बघायला लागला. शेंगांची पिशवी तिनं उंबऱ्यावर टाकली होती, ती मी उचलली. भाजलेल्या शेंगांचा वास येत होता.

म्हणजे वडगावात ती कालपर्यंत जित्ती होती.